वीतभर खळं

अक्का आज एक शब्द बोलणार नाही, असं कुणी उज्जैनच्या फ्रीगंजात सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याने आधी विचारलं असतं, "का हो, घसा बसलाय की लकवा मारलाय?" अहल्या फडणीस, म्हणजे अक्का, गप्प बसल्याचं उज्जैनात कुणी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई ती. भाजीवाल्याशी बोलताना तिचा आवाज टावर चौकात जायचा आणि चौकात बोलली तर पुढच्या दोन गल्ल्यांत. पण त्या दिवशी खरंच तसं ठरलं होतं. भाची मधुराच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी शपथ तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे मधुराच्या बापाने, श्रीधरने, तिला घातली होती.

कारणही तसंच होतं. गेल्या साली मधुराचं लग्न मुंबईच्या एका स्थळाशी ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका छापायच्या बाकी होत्या, आणि मुलाच्या काकांनी मुहूर्त लिहून आणला तो मुंबईच्या पंचांगातला. अक्काने भर बैठकीत तो कागद हातात घेतला आणि म्हणाली, "लग्न उज्जैनात आहे ना? मग सूर्यही उज्जैनचा धरा. तुमच्याकडे तो आमच्यापेक्षा बारा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो." इथवर ठीक होतं. पण काका हसून म्हणाले, "बारा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?" झालं! अक्काच्या अंगातच आलं. "जुने ज्योतिषी वेळेची रेघ उज्जैनवरून धरायचे तेव्हा तुमच्या मुंबईत धड चिखलही नव्हता," असं म्हणाली, आणि वर काकांना नकाशात उज्जैन दाखवता येईल का तेही विचारलं. बोलण्यात एक अक्षर चूक नव्हतं. आठ दिवसांनी निरोप आला, की मुलगी उत्तम आहे, पण घरातली माणसं आम्हाला झेपायची नाहीत.

श्रीधर बँकेतला शांत माणूस, तो दोन महिने बहिणीशी बोलला नाही. मधुरा मात्र बोलत राहिली. "जाऊ दे ना अक्का, होतं असं कधी कधी," म्हणायची आणि अक्काच्याच डोक्याला तेल लावून द्यायची. तेच अक्काला फार लागलं. भांडली असती पोरगी, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं. एकदा मोडलेलं लग्न म्हणजे पुढचा जो येतो तो आधी तेच विचारतो, आणि अक्का प्रत्येक वेळी आतल्या खोलीत बसून ते ऐकायची.

म्हणून साताऱ्याच्या खटावकरांचा मंदार जेव्हा मधुराला बघायला आला आणि हो म्हणून गेला, तेव्हा अक्काने स्वतःच हात जोडले. म्हणाली, "श्रीधर, काय शपथ घालायची ती घाल."

अठ्ठ्याण्णवचा मे महिना होता. वऱ्हाड आदल्या दिवशी आलं, उज्जैनातल्याच देवास गेटजवळच्या लॉजवर उतरलं, सीमांतपूजन झालं, आणि अक्का रात्रीपासून जी मुकी झाली ती सकाळपर्यंत मुकीच. फ्रीगंजातल्या कार्यालयात ती बोटांनी, भुवयांनी आणि गरज पडली तर चिमट्यांनी कारभार चालवत होती. मुहूर्त होता बारा तेवीसचा, अस्सल उज्जैनचा. विष्णू गुरुजी इथलेच, त्यांनी बिनबोभाट काढून दिला होता. निदान त्या बाबतीत देवाने डोकं दिलं होतं लोकांना.

साडेदहाच्या सुमारास मागच्या अंगणातून स्वयंपाकी रमेश महाराज ओरडत आला. हातात झारा तसाच, तेल गळतंय. "अक्काजी! बाहर आओ, ऊपर देखो! सूरज नारायण ने कुंडल पेहेन लिया!"

अक्का बाहेर गेली. आज ऊन जरा फिकं का वाटतंय, असं तिला मघापासून वाटतच होतं. सावल्या पुसट झाल्या होत्या. तिने हाताने सूर्य झाकला, वर पाहिलं आणि तिच्या तोंडून "अगंबाई" निघता निघता राहिलं.

सूर्याभोवती खळं पडलं होतं. पूर्ण, गोल, कुठेही तुटलेलं नाही, एवढं मोठं की सगळं कार्यालय त्याच्या आत मावेल. आतल्या कडेला तांबूस, मग पिवळी झाक, बाहेर पांढरट निळसर होत विरत गेलेलं. आणि कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळसर. चंद्राला खळं पडलेलं अक्काने खूपदा पाहिलं होतं. सूर्याला, तेही भर दिवसा माथ्यावर, असं आखीवरेखीव, साठ वर्षांत दुसऱ्यांदा. खाली बेचाळीस डिग्री, नि वर वीस-पंचवीस हजार फुटांवर बर्फाच्या कणांचा पातळ पडदा पसरलाय, त्यातून ऊन वाकून येतंय, हे आत्ता इथे फक्त तिला ठाऊक होतं. आणि तिने तोंड शिवलेलं होतं! असली शिक्षा कुणाच्या वैऱ्याला मिळू नये.

पाच मिनिटांत अंगण भरलं. बँडवाले बँड टाकून आले, वाढपी आले, पाहुण्या बाया नऊवाऱ्या सावरत आल्या. ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता.

"महाकाल का चमत्कार है भैया."

"कसला चमत्कार! बॉम्ब फोडले ना पोखरणला, आठवडा नाही झाला. त्याचाच असर आहे हा. वरचं काहीतरी फाटलं."

"माझ्या वडिलांनी सांगितलेलं, सूर्याला कडं पडलं की राजा जातो."

"राजे कधीच गेले हो. आता सरकार जाईल फार तर."

अक्का दातावर दात दाबून ऐकत होती. एकेका वाक्याला तिच्या हाताला खडू हवासा वाटत होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. नवऱ्या मुलाची आत्या, मीनाताई, दारात येऊन उभ्या होत्या. लहान चणीची, फिक्या राखी साडीतली बाई. मंदारची आई तो चार वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून या आत्याने त्याला वाढवलं होतं. कालपासून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. सीमांतपूजनाला त्या मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. आज त्यांनी वर पाहिलं, एकदाच, आणि चौकट धरली.

"वसंता," त्या भावाला म्हणाल्या, "हे लग्न आज लागायचं नाही."

वसंतराव खटावकर, म्हणजे मुलाचे वडील, भला माणूस. त्यांनी समजावलं, हसण्यावारी नेलं, शेवटी आवाजही चढवला. मीनाताई हलल्या नाहीत. "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं का? आज मागतेय. पोराला या आभाळाखाली उभं करू नकोस." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

वसंतराव श्रीधरकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "फडणीस, मला स्वतःला काही वाटत नाही. पण ताईने मंदारसाठी आयुष्य दिलंय. तिच्या मनाविरुद्ध मी कसं… पुढच्या महिन्यात करू. आम्ही साताऱ्याला करू, सगळा भार आमचा."

पुढच्या महिन्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. एकदा साखरपुड्यानंतर मोडलेलं, आता मांडवातून परत गेलेलं. तिसऱ्यांदा या दारात कोण येणार होतं? वधूपक्षाच्या खोलीच्या दारात मधुरा पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून उभी होती. ती रडत नव्हती. तिने फक्त अक्काकडे पाहिलं, आणि श्रीधरनेही त्याच क्षणी अक्काकडे पाहिलं. बोलू नकोस म्हणत होता की बोल म्हणत होता, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

बोलायला अक्काकडे खूप होतं. पण मागच्या वेळीही खूप होतं, आणि तेही सगळं खरंच होतं.

ती तरातरा अंगणाच्या मधोमध गेली. पदर खोचला. उजवा हात ताठ करून सूर्याकडे उचलला, पंजा पूर्ण ताणला, अंगठ्याने सूर्य झाकला आणि करंगळी आभाळात लांब सोडली. करंगळीचं टोक बरोबर त्या तांबूस कडेला टेकलं. ती तशीच उभी राहिली, वर्गात फळ्यापुढे उभी राहायची तशी.

दोन क्षण कुणाला काही कळेना. मग पाहुण्यांतून एक टकला गृहस्थ पुढे झाला. ओंकार नाव त्याचं, स्टेट बँकेतला मोठा साहेब आता, पण सातवीत अक्काने तीनदा भूगोलाच्या तासाला बाहेर उभा केलेला.

"वीत!" तो ओरडला. "अक्काबाईंची वीत! अरे, आठवतंय का?"

आठवत होतं. कसं नाही आठवणार? त्या शाळेत उपकरण म्हणून एक फुटका पृथ्वीचा गोल होता, तोही आफ्रिकेजवळ पोचा पडलेला. मग अक्का पोरांना मैदानावर न्यायची आणि आभाळ हाताने मोजायला लावायची. बोट धरलं की किती, मूठ धरली की किती, वीत ताणली की किती. आधी अंगठ्याने सूर्य झाक, डोळे फुटतील मेल्या, हे तिचं वाक्य निम्म्या उज्जैनला पाठ होतं. ओंकारने हात उचलला. त्याच्या मागे आणखी दहा-बाराजणांनी. "बरोबर बसतंय!" "माझंही!" रमेश महाराजांनी झारा खाली ठेवून पीठ लागलेला पंजा ताणला. बँडचा ढोलवाला पहिलवान माणूस, त्याचा हात म्हणजे फावडंच, त्यालाही करंगळी कड्यावरच टेकलेली दिसली. आणि कुणाची तरी पाच वर्षांची मुलगी खांद्यावरून ओरडली, "मेरा भी! मेरा भी!"

"असं कसं हो?" वसंतरावांनी विचारलं. तेही हात वर करून उभे होते.

उत्तर ओंकारने दिलं, अक्काकडे बघत बघत, तोंडी परीक्षा असल्यासारखं. "पंजा लहान तर बाहूही लहान. मोठा तर बाहूही लांब. म्हणून प्रत्येकाला त्याचीच वीत पुरते. वर बर्फाचे कण असतात, त्यांचा कोन ठरलेला, म्हणून खळं एवढंच पडतं. कमी नाही की जास्त नाही. बरोबर ना, बाई?"

अक्काने मान डोलावली. दहापैकी नऊ. बर्फाचे कण षट्कोनी असतात ते विसरला गधडा.

आता अंगणात जत्रा भरली होती. दीड-दोनशे माणसं सूर्याला वीत लावून हसत होती, एकमेकांचे हात धरून दाखवत होती. भीती कुठल्या कुठे गेली. गुरुजी म्हणाले, "शास्त्रात याला दोष सांगितलेला नाही," आणि हे त्यांनी आधी का नाही सांगितलं असं विचारायची अक्काला भयंकर इच्छा झाली. श्रीधरच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पण वसंतराव हात खाली घेऊन म्हणाले, "आमचं ठीक आहे हो. ताईचं काय?"

अक्का आत गेली. मीनाताईंच्या दाराची कडी तिने दोनदा वाजवली. दार उघडलं. मीनाताई कॉटवर बसल्या. अक्का त्यांच्या शेजारी बसली, आणि का कोण जाणे, तिने त्यांचा हात हातात घेतला. एवढासा हात, पोरीसारखा.

"तुम्ही बोलत नाही ते एका अर्थी बरं आहे," मीनाताई म्हणाल्या. "मला कुणी शहाणपण शिकवलेलं नकोय. मला मूर्ख समजू नका हो. पण मी हे कडं पाहिलंय. एकाहत्तर साली, वैशाखात, माझ्याच लग्नात. माळ घालून मांडवाबाहेर आले तर वर हेच. सगळे हसले. मीही हसले. आठव्या महिन्यात हे गेले. विहिरीवरच्या विजेच्या मोटारीला हात लावायला गेले, ते परत नाही आले. तेरावं झालं आणि सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, आभाळाने सांगितलं होतं, ही घरात घेऊ नका. मला माहेरी आणून सोडलं." त्यांनी नाक पुसलं. "माझं गेलं ते गेलं. पण मंदार माझा आहे. त्याला काही झालं तर?"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. शपथबिपथ गेली खड्ड्यात, असं तिने मनात म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने आवाज खाली ठेवला.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी साताऱ्यात तुमचं एकटीचंच लग्न होतं?"

"म्हणजे?"

"वैशाखातला मुहूर्त. लग्नाची दाट तिथ. आणखी लग्नं असतील ना? हे खळं एका मांडवावर बसत नाही हो. आत्ता हे देवासला दिसतंय, इंदूरला दिसत असेल. त्या दिवशीही कराडपर्यंत दिसलं असणार."

मीनाताई विचारात पडल्या. बाहेर कुणीतरी अजून "मेरा भी, मेरा भी" करत होतं.

"आमच्या मागच्या आळीत शिंप्याच्या मुलीचं होतं," त्या हळू म्हणाल्या. "त्याच दिवशी. त्यांचा नि आमचा बँड एकच, म्हणून भांडण झालेलं."

"मग? तिचं काय झालं?"

"तिला चार मुलं झाली. नवरा आहे अजून." मीनाताईंनी नाक मुरडलं. "भारी खाष्ट आहे. शंभर वर्षं जगेल मेला."

अक्काला हसू फुटलं, आणि मग मीनाताईंनाही. दोघी बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अक्काने त्यांना उठवलं, खोलीच्या मागच्या व्हरांड्यात नेलं, तो छोटा हात धरून वर केला, अंगठा सूर्यावर ठेवला आणि करंगळी ताणून दिली. टेकली. मग तिने स्वतःचा हात शेजारी उचलला.

"बघा. माझा हात तुमच्या दीडपट. तरी तुम्हालाही वीतभर, मलाही वीतभर. तिथे नाव कुणाचंच लिहिलेलं नसतं, ताई. ते तुमच्यासाठी आलं नव्हतं."

मीनाताईंचा हात वरच राहिला. ओठ हलत होते. मग त्यांनी हात खाली घेतला आणि अक्काकडे असं पाहिलं की अक्का अर्धं पाऊल मागे सरकली.

"हे एवढं सोपं होतं?"

"हो."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" आवाज चढला, त्या इवल्या बाईचा, व्हरांडाभर. "सत्तावीस वर्षं! हळदीकुंकवाला मी मागे. बारशाला मी मागे. मंदारला गोवर आला तर मी त्याच्या खोलीत जायला भ्यायचे. बाहेर बसून रडायचे, माझी सावली नको म्हणून. चार पुस्तकं वाचलेले एवढे लोक होते घरात, एकाच्याही तोंडून निघालं नाही?"

अक्का म्हणाली, "चुकलं हो आमचं," आणि हे आमचं म्हणजे नक्की कुणाचं, ते तिलाही कळलं नाही.

मीनाताईंनी तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि ताडताड मांडवात गेल्या. बारा वाजून गेले होते. मंदार पाटावर उभा होता, मधुराला मामा घेऊन येत होता, गुरुजी अंतरपाट उलगडत होते. नवऱ्या मुलामागे करा-दिवा घेऊन उभं राहायला मंदारची चुलत बहीण तयार होती. करवलीचा तो मान सवाष्णीचा, हे काही कुणाला सांगावं लागत नाही.

मीनाताईंनी तिच्यापुढे हात केला. "दे गं तो दिवा."

बँड थांबला. गुरुजींनी चष्मा वर केला. "अहो ताई, तो मान जरा… म्हणजे रीत अशी आहे की…"

"रीत मला पाठ आहे गुरुजी, तुमच्यापेक्षा जास्त. जन्म काढलाय तिच्यात. या पोराचं शी-शू काढताना नव्हती आली कुठली रीत." त्या भावाकडे वळल्या. "वसंता, तुला काही म्हणायचंय?"

वसंतराव खटावकर भर मांडवात, वरपिता असून, पागोट्यासकट बहिणीच्या पायावर वाकले.

मंदारने स्वतः दिवा घेतला आणि आत्याच्या हातात दिला. "वात सांभाळ गं," तो म्हणाला, "पंखा फार जोरात आहे." पंख्याचं बटण श्रीधरने धावत जाऊन बंद केलं. मीनाताई मुलाच्या मागे उभ्या राहिल्या, ताठ, दोन्ही हातांत करा-दिवा धरून, आणि गुरुजींनी घसा साफ करून पहिलं मंगलाष्टक म्हणायला घेतलं.